कोपऱ्याचा मालक

१

आधीच सांगून टाकते, म्हणजे उगाच कोणाचा जीव टांगणीला लागायला नको. या गोष्टीत मी जिंकले. मी आणि अंगठ्याएवढा एक मासा.

माझं नाव सोमोए. केनियातल्या लामू बेटावरच्या पाहुणेघरांमध्ये खाऱ्या पाण्याचे फिश टँक लावून देणं हा माझा धंदा. माझा नवरा पाणबुड्या होता, जिवंत मासे पकडून मोंबासाच्या व्यापाऱ्यांना द्यायचा. तो गेला आणि मासे पारखायची त्याची नजर तेवढी माझ्याकडे राहिली. लोकांना वाटतं, काच, पाणी आणि चार रंगीत मासे झाले की झाला टँक. मोठ्या टाकीत तसं खपून जातं. छोट्या टाकीत मात्र मुलीला स्थळ बघावं तसा एकेक मासा बघून घ्यावा लागतो. कोणाला बीळ लागतं, कोण वरच्या पाण्यात राहतो, कोण दुसऱ्याच्या शेपट्या कुरतडतो, सगळं विचारून.

आणि सोडायचा क्रम. गरीब स्वभावाचा आधी, तापट शेवटी. कारण जो आधी जातो तो घराचा मालक होतो, मागून येणाऱ्याला जागा मागून घ्यावी लागते. शेजारच्या शेला गावातल्या एका बाईंनी माझं न ऐकता तापट मासा आधी सोडला. आठवड्याने मला बोलावलं तेव्हा टाकीत तो एकटाच होता, आणि चांगला गुबगुबीत झाला होता.

हा नियम मी सतरा वर्षं पाळला. तो माणसांनाही लागू होतो हे मात्र मला उशिरा कळलं.

२

झेना माझी धाकटी बहीण. आमच्या गल्लीत तिच्याइतकी भांडखोर बाई झाली नाही. नमाजाहून परतणारे पुरुष तिच्या खिडकीखाली आले की आपोआप आवाज खाली करायचे. तिचा नवरा शेकुवे म्हणायचा, "मी समुद्रावर जातो ते विश्रांतीसाठी." ती त्यालाही दोन शब्द ऐकवायची, आणि मग दोघं एका ताटात जेवायची.

दक्षिणेचा वारा सुटला होता तेव्हा शेकुवेची होडी उलटली. दोन सोबती तरंगत किनाऱ्याला लागले. शेकुवे त्यांच्या डोळ्यांदेखत खाली गेला होता, पण मिळाला नाही. मयत नसतानाच मशिदीत त्याच्या नावाने नमाज झाली आणि झेनाची इद्दत सुरू झाली. चार महिने दहा दिवस घराबाहेर पाऊल नाही. ती माझ्याकडे राहायला आली.

पहिल्या आठवड्यात ती एकच गोष्ट विचारायची. "ताई, त्याला धुतलं कोणी?" पुरण्याआधी मयताला आंघोळ घालतात, पण इथे मयतच नव्हतं; मी काय सांगणार? मग तिने तेही विचारणं सोडलं. रडली नाही, भांडली नाही. मी नारळाच्या रसातल्या तुरी करायचे, महाम्रीच्या गोड पुऱ्या तळायचे. ती दोन घास घ्यायची आणि भिंतीकडे बघत बसायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. इद्दत संपेल त्या दिवशी ही आपल्या पायांनी बाहेर येईल, की त्याआधीच त्या खाटेवर विझून जाईल, ही एकच भीती माझ्या मनात होती.

म्हणून मी तिच्या खोलीत ऐंशी लिटरचा टँक लावायचं ठरवलं. नजरेला काहीतरी हलतं मिळावं, एवढाच हेतू. सगळे शांत मासे निवडायचे, घरात भांडणाचा आवाज नको. माझी पहिली चूक ती.

३

दुसरी चूक दगडाची. समुद्रातला जिवंत खडक काढायला बंदी आहे, आणि मासे दगडाशिवाय राहत नाहीत. पण आमच्या गावात दगडाला काय तोटा? इथल्या भिंतीच मुळी समुद्रातून आल्या आहेत, प्रवाळ कापून उभ्या केलेल्या. अबूद गवंडी तेव्हा एका जुन्या घरातला न्हाणीचा हौद पाडत होता. हौद म्हटल्यावर मला बरंच वाटलं. डासांची अंडी खायला आमच्या बायका त्यात पिढ्यान्‌पिढ्या मासे पाळत आल्या आहेत. मी त्याच्याकडून तीन दगड घेतले. चुना खरवडला, महिनाभर गोड्या पाण्यात भिजत घातले, रोज पाणी बदललं. त्यातला एक लांबट होता, आणि मधून पन्हळीसारखी खाच खोदलेली. लपायला उत्तम म्हणून तो मी डाव्या कोपऱ्यात मागे ठेवला.

टाकीचं पाणी मुरायला आणखी तीन आठवडे दिले. मग क्रमाने मासे सोडले. आधी लाजाळू फायरफिश, ज्याची शेपटी पेटलेल्या काडीसारखी दिसते. मग वाळूत बीळ करणारा गोबी आणि त्याची जोडीदार कोळंबी. शेवटी शेंदरी क्लाउनफिशची नवरा-बायको, पाठीवर पांढरी रेघ असलेली. माझ्या हातून याहून चांगली निवड कधी झाली नसेल.

फायरफिशला सोडला की तो पहिल्यांदा दिसेल त्या फटीत घुसतो. हा घुसला नाही. उजव्या काचेला अंग लावून थांबला. गोबीने वाळू उकरायला घेतली ती उजव्या टोकाला. क्लाउनफिश तर धिटुकले असतात, तेही तिकडेच. चौथ्या दिवशी पाहिलं तर चारही मासे टाकीच्या उजव्या निम्म्या भागात, तोंडं डाव्या कोपऱ्याकडे करून. पंपाचं पाणी त्यांना मागून ढकलत होतं आणि ते पर हलवून हलवून जागा धरून होते. मोठा पाहुणा आल्यावर पोरं भिंतीला लागून उभी राहतात, तसे.

माझ्या नियमाप्रमाणे याचा अर्थ सरळ होता. मी पहिला मासा सोडला त्याच्याआधीच तिथे कोणीतरी राहायला आलं होतं.

४

मी काही भित्री बाई नव्हे. दगडातून खेकडा येतो, कधी हातभर किडा येतो, हे मला माहीत आहे. पण जो दगड महिनाभर गोड्या पाण्यात होता त्यात खाऱ्या पाण्याचा जीव तगेल कसा? तरी मी बाटलीत कालवाचं मांस घालून सापळा लावला. सकाळी मांस जसंच्या तसं. बॅटरी मारून खाच पाहिली. रिकामी.

मग खारेपणा मोजला. उजवीकडे बरोबर. डाव्या कोपऱ्यातलं पाणी काढून मोजलं, तर काटा पार गोड्या पाण्यावर. असं होतच नाही. पंप चालू असताना पाणी सगळीकडे एकच असतं. मोजणी बिघडली असेल म्हणून मी तीनदा केली. तिसऱ्यांदा हाताला वास आला. कापराचा.

वेडे चाळे पुरे, असं म्हणून मी हात साबणाने धुतले.

त्याच आठवड्यातली दुपार. जेवणं होऊन गल्ली निजलेली, वीज गेलेली, पंप बंद. मी बाहेरच्या खोलीत आडवी झाले होते. आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. तांब्याने ओतावं तसा. तीनदा. मग थोडं थांबून पुन्हा तीनदा. झेना पाणी पीत असेल, असं मी मनाशी म्हटलं. मग आठवलं, तिच्या खोलीत तांब्या नव्हता.

मी दारात गेले. झेना टाकीपुढे स्टुलावर बसली होती, बाही कोपराच्या वर दुमडून, हात डाव्या कोपऱ्यात बुडवून. तिचा तळहात सावकाश पुढे जात होता, मागे येत होता. वरून खाली, थांबून पुन्हा वरून खाली. आधी उजवी बाजू. मग डावी.

आमच्या घरातल्या तीन बायकांना मी कापराच्या पाण्याने शेवटची आंघोळ घातली आहे. तो हात मी ओळखला.

"झेना," मी म्हटलं, "काय करतेस गं?"

तिचा हात थांबला नाही. चेहरा अगदी निवांत होता. तीन महिने मी देवाकडे तिच्यासाठी शांतता मागत होते, आणि मिळाली ती अशी.

५

दुसऱ्या दिवशी अबूद आल्याची कॉफी प्यायला आला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो खाच असलेला दगड हौदाच्या कुठल्या बाजूचा रे?"

"तो हौदाचा नव्हेच," अबूद म्हणाला. "हौदाचे दोनच धड निघाले. तू तीन मागितलेस, म्हणून तिसरा आतल्या खोलीतला दिला."

"आतल्या खोलीत पन्हळ कशाला?" असं मी विचारलं खरं, पण तोंडातून शब्द निघेपर्यंत मला कळलं होतं. जुन्या घरांत मयताला आतल्या खोलीत धुवायचे. ते पाणी वाहून जायला वाट लागतेच.

अबूद कपात बघत राहिला. "सांगायला हवं होतं का?"

"नाही, नाही. एवढी जड जीभ, तिला कशाला कष्ट देतोस?"

मी लगेच दगड बाहेर काढला आणि अंगणात उन्हात टाकला. उरलेल्या दोन दगडांच्या जागा उलटसुलट केल्या. ही आमच्या धंद्यातली युक्ती आहे. दगड हलवले की जुन्या मालकाला आपलं घर सापडत नाही, आणि सगळे पुन्हा नवखे होतात. तासभर मासे खरोखर इकडेतिकडे हिंडले. मला हायसं वाटलं. मग फायरफिश डाव्या कोपऱ्यापाशी गेला, हवेत काठी दिसावी तसा झटक्यात फिरला, आणि पाचही जीव पुन्हा उजव्या काचेला. कोपऱ्यात आता दगडसुद्धा नव्हता. नुसतं पाणी होतं, आणि ते बाकीच्या पाण्यापेक्षा स्थिर होतं.

अंगणातला दगड आठ दिवस कडक उन्हात पडला होता. तो वाळला नाही.

आणि झेना. आता तिचा हात खांद्यापर्यंत पाण्यात असायचा. मी ओढून काढायचे, खाटेवर निजवायचे, पाठ फिरली की ती पुन्हा स्टुलावर. टाकी रिकामी करून टाकावी म्हणून मी एकदा नळी लावली, तर तिने माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. तिच्या बोटांच्या सुरकुत्या दिवसभर जात नव्हत्या. केसांना, उशीला, पाण्याच्या भांड्याला, सगळ्याला कापराचा वास. तिने खाणं जवळजवळ सोडलं होतं. इद्दत संपायला नऊ दिवस होते आणि नऊ दिवस ती काढेल असं मला वाटत नव्हतं.

त्या सकाळी मी तिच्यासमोर बसून खूप रडले. ती माझ्याकडे पाहत होती, पण रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं.

रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं. मालक आधी बसला आहे. दगड काढून तो गेला नाही, जागा बदलून गेला नाही. मी त्याच्या घरात निवडून निवडून कोणाला घातलं होतं? जागा मागून घेणाऱ्यांना. आणि माझ्या घरातली एकुलती एक भांडखोर बाई गप्प झाली तेव्हा मीही तेच केलं होतं. सगळ्यांना हळू बोलायला सांगितलं, दारं लावली, पडदे ओढले. मग रिकाम्या कोपऱ्यात कोणी येऊन बसलं तर दोष कोणाचा?

मी बादली उचलली आणि धक्क्यावर गेले.

६

फमाऊ माझ्या नवऱ्याचा जोडीदार पाणबुड्या. आता केस पिकले तरी अजून जिवंत मासे आणतो.

"आलीस?" तो म्हणाला. "काय देऊ? कोणाच्या अध्यात ना मध्यात, असा एखादा?"

"आज गुंड दे."

फमाऊ हसला. "तुझ्या तोंडून हे ऐकायला मी एवढं आयुष्य काढलं." त्याने एका डब्याचं झाकण उघडलं. आत एक मासा होता, अंगठ्याएवढा, काळा कुळकुळीत, अंगावर तीन पांढरे ठिपके. आम्ही त्याला डॉमिनो म्हणतो. छोट्या टाकीत हा कधीही घालू नये, असं मी गिऱ्हाइकांना लिहून देते. "काल याला खेकड्याबरोबर ठेवला होता," फमाऊ म्हणाला. "सकाळी खेकडा बादलीच्या कडेला लोंबकळत होता. केवढी टाकी आहे?"

"ऐंशी लिटर."

"मग आधीच्यांचं काही खरं नाही. कोण कोण आहे आत?"

"चौघांना मी ओळखते," मी म्हटलं. "पाचव्याला नाही."

तो माझ्याकडे बघायला लागला, मग माझ्या हातांकडे. त्याने नाक किंचित वर केलं. कापराचा वास त्यालाही आला असावा. डबा त्याने माझ्या हातात दिला, आणि त्या दिवशी त्याने आणखी थट्टा केली नाही.

७

दुपार झाली. वीज गेलेली, पंप बंद. झेना स्टुलावर, हात खांद्यापर्यंत आत. मी तिला हटकलं नाही. डब्यात टाकीचं पाणी थेंब थेंब सोडत मी एक तास तिच्या शेजारी बसले. घाई केली तर मासा मरतो, आणि मला तो मरून चालणार नव्हता. त्या तासात माझ्या कानाशी कितीदा तरी पाणी ओतलं गेलं. तीनदा, मग थांबून तीनदा. मी आवाजाकडे पाहिलं नाही. डब्याकडे पाहत राहिले.

मग मी त्याला सोडला.

डॉमिनो एक क्षण पाण्यात तसाच उभा राहिला. बाकीचे मासे त्याला पाहून आणखी आक्रसले. त्याने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो वळला, आणि डावा कोपरा त्याच्या नजरेस पडला. टक्‌. एवढासा आवाज, काचेवर नख आपटावं तसा. हे मासे चिडले की असा आवाज करतात. टक्‌, टक्‌. पर ताठ करून तो सरळ त्या स्थिर पाण्यात घुसला.

वाटेत त्याला झेनाचं बोट लागलं. तो कडाडून चावला.

"आई गं," झेना ओरडली आणि हात बाहेर काढला. "मेल्या, तुझं मढं जावो."

त्या पहिल्या आठवड्यानंतर इतक्या महिन्यांत तिच्या तोंडून निघालेले पहिले शब्द हे. मला ते नीट ऐकायलाही सवड झाली नाही, कारण माझे डोळे कोपऱ्यावर होते. हात निघाल्यावर तिथे काय होतं ते मला दिसलं. फार वेळ नाही. पापणी लवेपर्यंत.

टाच होती. माणसाची. पाण्याने पांढरी पडलेली, गुळगुळीत, स्वच्छ धुतलेली. ऐंशी लिटरच्या काचेत माणसाची टाच मावते, माणूस मावत नाही. उरलेला कुठे होता, हे मी आजही स्वतःला विचारत नाही.

डॉमिनो त्या टाचेला चावला. पुन्हा चावला. टक्‌, टक्‌, टक्‌. आणि पांघरुणाबाहेर राहिलेला पाय झोपेत आत घ्यावा, तशी ती टाच काचेच्या मागच्या कोपऱ्यात आत गेली. तिच्यामागे तो काळा जीव कोपऱ्यात शिरला, तिथल्या तिथे गर्रकन फिरला आणि तोंड बाहेर करून उभा राहिला. आता या, असं म्हणत असल्यासारखा.

वीज आली. पंप सुरू झाला, आणि डाव्या कोपऱ्यातलं पाणी बाकीच्या पाण्याबरोबर हलायला लागलं.

मी खाली फरशीवर बसले. हसू येत होतं. "झेना," मी म्हटलं, "तो शेकुवे नव्हता. ऐकतेस ना? शेकुवेच्या टाचा मी पाहिल्यात, भेगांत नाणं राहील अशा. ही टाच कधी होडीवर चढली नव्हती. तो शेकुवे नव्हता गं."

झेना बोट तोंडात धरून होती. रक्ताचा थेंब ओठावर लागला होता. ती बोट काढून म्हणाली, "मला ठाऊक होतं, ताई."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. त्याचं अंग मला कळत नाही का?" ती म्हणाली, "पण धुवायला कोणीतरी होतं ना हाताखाली."

आणि ती रडायला लागली. साधंसुधं नव्हे, अख्खी गल्ली जागी होईल असं. मी तिला कुशीत घेतलं. शेजारच्या बायका धावत आल्या, काय झालं, काय झालं म्हणून. मी त्यांना सांगितलं, "काही नाही, बहिणीला मासा चावला." माझ्यासारखी सुखी बाई त्या क्षणी लामूत दुसरी नव्हती.

८

अंगणातला दगड दुसऱ्या दिवशी दुपारी खडखडीत वाळला. अबूदने तो निमूटपणे नेला आणि जिथून काढला होता तिथे बसवून आला.

फायरफिशची शेपटी डॉमिनोने तिसऱ्या दिवशी कुरतडली. हे होणारच होतं. मी जाळी घेऊन टाकीपाशी गेले, म्हटलं आता याला मोठ्या टाकीत हलवायला हवा.

"हात लावून बघ," झेना खाटेवरून म्हणाली. तिच्या मांडीवर महाम्रीचं ताट होतं, आणि त्यातली तिसरी तिच्या हातात होती.

"अगं, तो बाकीच्यांना मारून टाकेल. छोट्या टाकीत याला ठेवत नाहीत."

"मग बाकीच्यांना ने. तो इथेच राहील."

"एकटा?"

"एकटा. तुला मासे कळतात म्हणून सगळंच कळतं असं समजू नकोस."

सतरा वर्षांच्या धंद्यात मला असं कोणी बोललं नव्हतं. मी चार मासे आणि कोळंबी बादलीत घेतली आणि शेलाच्या त्या बाईंना नव्या टाकीसाठी देऊन आले.

इद्दत संपली त्या सकाळी बायका जमल्या. झेनाने स्वतः पाणी तापवलं, स्वतःच्या अंगावर ओतलं, केसांना तेल लावलं, कोरे कपडे घातले. मी तिला आधार द्यायला हात पुढे केला, तो तिने बाजूला सारला. उंबरा ओलांडून ती उन्हात उभी राहिली, डोळे किलकिले करून. समोरच्या घरातल्या बाईने तिच्या गैरहजेरीत सांडपाण्याची वाट आमच्या पायरीकडे वळवली होती. मी चार महिने ते पाणी ओलांडून येत-जात होते, उगाच वाद नको म्हणून.

झेनाने पाण्याकडे पाहिलं. समोरच्या दाराकडे पाहिलं. पदर खोचला.

मी दारात बसून ऐकत राहिले. पहिल्या पाच मिनिटांत समोरची बाई फावडं घेऊन बाहेर आली, आणि झेना अजून नीट सुरूही झाली नव्हती.